पाठवलेली फुलं पोचली कशी?

पुस्तक द्यायचं तर आपण आधी चाळतो, कापड घ्यायचं तर हात फिरवून बघतो. फुलांचं तसं नाही. फोनवर सांगायचं, पैसे भरायचे आणि दुसऱ्या गावातल्या कुणीतरी कात्री चालवून जे काही बांधलं असेल ते चांगलंच असेल असं धरून चालायचं. देणाऱ्याला भेट दिसतच नाही. घेणारा म्हणतो "छान होती फुलं", आणि तो ते म्हणणारच.

मला हे कळलं ते मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा. मी पांढरी फुलं पाठवली, सोबत दोन ओळी. फुलं बरोबर गेली, कार्ड मात्र दुसऱ्याच ऑर्डरचं. "पहिल्या वाढदिवसाच्या गोड गोड शुभेच्छा!" मैत्रिणीने वर्षभर मला हे सांगितलं नाही. माझ्या त्या दोन ओळी कुठल्या बाळाच्या घरी जाऊन पडल्या असतील, याचा विचार मी अजूनही टाळते. आता कार्डाचा मजकूर दुकानदाराकडून फोनवर परत वाचून घेते आणि माल निघण्याआधी कार्डासकट फोटो मागते. त्यांना थोडा राग येतो. येऊ दे.

तुम्ही स्थानिक फुलवाल्याकडून बुके, कुंडी किंवा झाडांची परडी कधी पाठवली असेल, किंवा तुमच्या दारात आली असेल, तर लिहा. काय सांगितलं होतं, काय पोचलं, किती टिकलं. फसलेलं आधी लिहा.

*

माझी पहिली काही वर्षं फोटो बघून ऑर्डर देण्यात गेली. फोटोत टपोरे गुलाब, बहिणीच्या दारात पोचले जरबेरा आणि भरपूर हिरवा पाला. मी तणतणत ज्या दुकानाने तो गुच्छ बांधला त्याचा नंबर मिळवला. तिथल्या बाईंनी शांतपणे हिशोब सांगितला. तुम्ही भरलेल्या पैशांतला एक वाटा मधल्याने आधीच काढून घेतला. फोटोतला गुलाब या दिवसांत आमच्याकडे येत नाही. उरलेल्या पैशांत जे सगळ्यात ताजं होतं ते मी घातलं. यावर बोलायला माझ्याकडे काही उरलं नाही.

फुलं मुळात प्रवास करतच नाहीत, ऑर्डर प्रवास करते. ही युक्ती जुनीच आहे. १९०८ साली बर्लिनमध्ये आणि १९१० साली अमेरिकेत फुलवाल्यांनी एकत्र येऊन एकमेकांच्या गावातल्या ऑर्डरी पुऱ्या करायला सुरुवात केली. अमेरिकेत तर निरोप तारेने जायचा. फरक इतकाच, की तेव्हा निरोप घेणारा स्वतः फुलवालाच असे. आज पैसे घेणाऱ्याने कधी फुलाला हात लावलेला असेलच असं नाही.

आता मी नकाशावर पत्त्याजवळचं दुकान शोधतो, सकाळी फोन करतो आणि "आज काय ताजं आलंय?" एवढंच विचारतो. मग माझे पैसे किती, रंग कोणता आणि निमित्त काय ते सांगतो. बाकी सगळं त्यांच्यावर सोडतो. विश्वास टाकला की माणूस हात आखडता घेत नाही, निदान मला तरी तसा अनुभव आला नाही.

*

जरा कडवट आहे, पण लिहिते. आमच्याकडे मांजर आहे. कुणीतरी प्रेमाने लिलीचा मोठा गुच्छ पाठवला. संध्याकाळी मांजरीच्या नाकावर केशरी पूड दिसली, आम्ही हसून फोटोही काढला. रात्री ती उलट्या करायला लागली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात लिली आहे का?"

खऱ्या लिलीचं पान, पाकळी, पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजरीचं मूत्रपिंड निकामी करू शकतं, एक ते तीन दिवसांत. यावर उतारा नाही. लवकर नेलं तर सलाइनवर ठेवून वाचवता येतं. आमची वाचली, कारण आम्ही रात्रीच निघालो. सकाळी बघू म्हटलं असतं तर वेगळंच लिहिलं असतं.

तेव्हा फुलवाल्याने विचारलं नाही तरी आपणच सांगावं: घरात मांजर आहे, लिली नको. आणि मांजर नसेल तरीही लिली पाठवताना पुंकेसर काढून पाठवायला सांगा, फूल जास्त टिकतं. त्या परागाचे डाग कपड्यावर पडले तर पाण्याने चोळू नका, पसरतात. चिकटपट्टीने अलगद उचलून घ्या.

*

मी सहा वर्षं फुलांच्या दुकानात काम केलंय, त्यामुळे मला काउंटरच्या आतल्या बाजूने बोलू द्या.

आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी फुलं नसतात, "सरप्राइज" असतं. घेणाऱ्याचा फोन नंबर देत नाहीत, का तर सरप्राइज आहे. मग आमचा पोचवणारा मुलगा कुलपासमोर उभा, गुच्छ उन्हात, आणि दोन दिवसांनी तक्रार, फुलं कोमेजलेली होती. नंबर द्या हो. आम्ही "एक पार्सल आहे, घरी कधी असाल?" इतकंच विचारतो. फुलांचा फ उच्चारत नाही.

दुसरी तक्रार म्हणजे "कळ्याच पाठवल्या". लिली, निशिगंध, ग्लॅडिओलस आम्ही मुद्दाम बहुतेक कळ्यांत देतो. निशिगंध आणि ग्लॅडिओलस खालून वर उमलत जातात, म्हणजे घरात रोज एखादं नवं फूल. पूर्ण उमललेला दांडा दिला तर पहिल्या दिवशी वाहवा आणि तिसऱ्या दिवशी कचरा. जरबेरा आणि डेलियाचं उलट. ते कळीत तोडले तर पुढे धड उमलतच नाहीत, त्यामुळे ते उघडेच घ्यायचे.

माल आला की आधी खालची पानं काढायची, देठ तिरका कापायचा आणि बादलीत काही तास गार जागी नुसतं पाणी पिऊ द्यायचं. देठात हवेचा बुडबुडा अडकला की पाणी वर चढत नाही. पाण्यात राहिलेलं पान कुजतं, त्यातले जीवाणू देठाची तोंडं बुजवतात. बुकेबरोबर जी पुडी येते तिच्यात हेच असतं, थोडी साखर फुलाच्या पोटाला, थोडं आम्ल पाणी चढायला, थोडं जंतुनाशक. लोक चिमूटभर टाकून उरलेली जपून ठेवतात. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यात ती अख्खी टाकायची असते.

आता टोपलीत फुलं खोचायला जो हिरवा ठोकळा असतो त्या फोमबद्दल. तो १९५४ साली निघाला, आणि आता बहुतेक दुकानं त्यावर उभी आहेत. तो पाण्यात दाबून बुडवायचा नसतो, पाण्यावर सोडायचा आणि आपोआप बुडू द्यायचा. दाबला की मध्ये कोरडा गोळा राहतो आणि नेमकं तिथलं फूल पहिल्याच रात्री मान टाकतं. एकदा वाळला की तो पुन्हा नीट पाणी धरत नाही, म्हणून टोपलीतल्या फुलांना रोज पाणी घालायला सांगा. घेणाऱ्याला ते कुणी सांगतच नाही. शिवाय तो प्लॅस्टिकचाच प्रकार, मातीत जात नाही, भुगा होऊन उरतो. शेवटी शेवटी मी तारेची जाळी गोळा करून त्यात फुलं खोचायला लागलो होतो. मालकांना वेळ जातो म्हणून पटायचं नाही.

*

माझं छोटंसं. कार्नेशन आली होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिकलेल्या केळ्यांशेजारी ठेवली. दोन दिवसांत मिटून गेली. फुलवाल्याला बोल लावून मोकळी झाले होते. नंतर कळलं, पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात, कार्नेशन तर फारच. फुलवाल्याची माफी मागायची राहिलीच आहे.

*

दवाखान्यात पाठवणाऱ्यांनी आधी वॉर्डात विचारा. आमची सुंदर कुंडी अतिदक्षता विभागाच्या दारातून परत आली. परत म्हणजे खाली रिसेप्शनवर, तिथेच आठवडाभर होती म्हणे. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते त्यांच्याजवळ ओल्या मातीतली बुरशी आणि फुलदाणीतलं साचलेलं पाणी नको असतं, हे पटण्यासारखंच आहे. पेशंट घरी आल्यावर पाठवा. त्या वेळेपर्यंत भेटायला येणाऱ्यांची गर्दीही ओसरलेली असते.

*

भाऊ गेला तेव्हा त्याच्या ऑफिसातून एक कुंडी आली. पीस लिली. गडद पानं, वर दोन पांढरी फुलं. कापलेली फुलंही खूप आली होती. त्यांचं पाणी बदलायचं भानही घरात कुणाला नव्हतं. आठवड्याने मी ती सगळी एका पोत्यात भरली. ते काम मला एकट्याला करावं लागलं, आणि खरं सांगतो, तेव्हा ज्यांनी ज्यांनी फुलं पाठवली त्यांचा राग आला होता.

कुंडी तेवढी कोपऱ्यात राहिली. दोन आठवड्यांनी बघतो तर सगळी पानं कुंडीच्या काठावरून लोंबत होती, मेल्यासारखी. टाकायला म्हणून उचलली आणि कुंडी हाताला इतकी हलकी लागली की आपोआप नळाखाली धरली. संध्याकाळी ती ताठ उभी. हे या झाडाचं नेहमीचंच आहे, तहान लागली की अंग टाकतं आणि पाणी मिळालं की काही तासांत उठतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मी वहिनीला हाक मारली. आम्ही दोघं तिच्यासमोर बसून राहिलो, बोललो काहीच नाही.

आता नऊ वर्षं झाली. तीनदा गड्डे वेगळे करून वाटले. पुतणीच्या होस्टेलच्या खोलीत एक आहे. दुःखाच्या घरी मी आता कुंडीच पाठवतो, आणि कार्डावर मागच्या बाजूला लिहितो, "उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. माती वाळली की पाणी."

वर मांजरीचं वाचलं म्हणून सांगतो, नावात लिली असली तरी ही खरी लिली नव्हे. चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, म्हणून दूरच ठेवावी, पण मूत्रपिंडाला तो धोका नाही.

*

कुंडीचा एवढा महिमा ऐकून माझा मत्सर जागा झाला, कारण माझी परडी तिसऱ्याच महिन्यात गेली. एका वेताच्या टोपलीत पाच झाडं, पाम, सिंगोनियम, मनीप्लँट, डिफेनबाखिया आणि मध्ये एक निवडुंग, शोभेला. निवडुंगाला कोरडं हवं, शेजाऱ्याला ओल हवी. टोपलीच्या आत प्लॅस्टिकचा कागद, खाली भोक नाही. मी इमानाने रोज पाणी घातलं. वास यायला लागला तेव्हा सगळं उपसलं. तळाशी काळा चिखल आणि मुळांचा लगदा.

ज्याने ती बांधली त्याला झाडं कळत नव्हती असं नाही, त्याला फक्त ती दारापर्यंत देखणी पोचवायची होती. अशी परडी आली की आठवडाभर मिरवा आणि मग प्रत्येक झाड वेगळ्या, भोकाच्या कुंडीत लावा. चमकीच्या कागदात गुंडाळून आलेल्या कुंडीचा कागदही तळाशी फाडा. पाठवणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून मी तो तसाच ठेवला होता. पाठवणारा पुन्हा कधी आलाच नाही बघायला.

*

ऑफिसात बुके मागवू नका. एवढंच सांगायचंय. सगळे येऊन "कोणी, कोणी" विचारतात आणि मग तो अवाढव्य पसारा भरलेल्या गाडीत उभ्याने धरून घरी न्यायचा.

*

ऑर्किड (फॅलेनॉप्सिस) आलं असेल आणि दोन-तीन महिन्यांनी फुलं गळली, तर कृपा करून फेकू नका. मी दोन फेकली. तिसरं शेजारच्या काकूंनी माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. दांडा हिरवा होता, तो त्यांनी खालून दुसऱ्या गाठीच्या वर कापला आणि खिडकीत ठेवलं. काही महिन्यांनी मला बोलावून दाखवलं, त्याच गाठीतून नवा फाटा, त्यावर कळ्या. पारदर्शक कुंडी बदलायला निघाले होते तर काकू त्यावरूनही ओरडल्या. त्या मुळांनाही उजेड लागतो, रुपेरी दिसली की पाणी, हिरवी असली की थांबायचं. झाड परत मागायची हिंमत झाली नाही. आता माझ्याच ऑर्किडला मी पाहुण्यासारखी बघून येते.

*

आई एकटी राहते, मी दुसऱ्या देशात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिच्या गल्लीतल्या फुलवाल्याकडून एक गुच्छ जातो. सुरुवातीला मी फोटो मागायचो. मग दुकानातला मुलगा फोटोबरोबर काहीबाही सांगायला लागला. आज आजींनी दार उघडायला वेळ लावला, पाय दुखतोय वाटतं. आज आजी खूश होत्या, मला आत बसवलं. मला फोनवर आई "सगळं ठीक" यापलीकडे काही सांगत नाही, त्यामुळे फुलांच्या फोटोपेक्षा मी या बातम्यांचीच वाट बघायचो.

मागच्या वर्षी आईने त्याच्याकडेच निरोप दिला. मुलाला सांग, फुलं नकोत, चार दिवसांनी टाकताना जीवावर येतं, मुळं असलेलं काहीतरी पाठव. तेव्हापासून कुंडी जाते. काय न्यायचं ते तो मुलगा आणि आई मिळून ठरवतात, मला फक्त रक्कम कळवतात. परवा त्याने फोन केला, "दादा, या महिन्यात काय करायचं? गॅलरीत जागा संपलीय. आजी म्हणतात, जिन्यात ठेवू."