दोन माणसांच्या होडीसाठी वायुभारमापक आणि होकायंत्र: कोणतं घ्यावं?

दिवाळे_बंदर: आमची होडी बेलापूरजवळ दिवाळ्याला असते, घारापुरी-उरणपर्यंत जाणं होतं. धाकटा भाऊ म्हणतो मोबाइलवर सगळं दिसतं. मला मात्र बॅटरीविना चालणारी यंत्रं हवीतच. मुंबईच्या दारूखान्यात (जहाजं तोडतात त्या भागात) जहाजांवरची जुनी मिळतात, ती घ्यावीत की नवी? पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आत घ्यायची आहेत.

घोडबंदरचा_खलाशी: जुना पितळी अ‍ॅनेरॉइड (पारा नसलेला, काट्याचा वायुभारमापक) जरूर घ्या, पण आधी लिफ्टमध्ये नेऊन बघा. साधारण साडेआठ मीटर वर गेलं की दाब 1 हेक्टोपास्कल उतरतो (हे दाबाचं माप; जुन्या डायलवर मिलिबार लिहिलेलं असतं, आकडा तोच). दहा मजले चढल्यावर काटा तीन-साडेतीनने उतरला पाहिजे आणि खाली आल्यावर परत जागेवर आला पाहिजे. वाचण्याआधी काचेवर हलकी टिचकी मारा. काटा अडकत असेल तर घेऊ नका.

आता खरं महत्त्वाचं. आपल्याकडे दाब रोजच वरखाली होतो: सकाळी आणि रात्री 10 च्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी 4 च्या सुमारास खाली. म्हणून दुपारी काटा उतरला तर घाबरायचं कारण नाही. आजचा 10 वाजताचा आकडा कालच्या 10 वाजताच्या आकड्याशी ताडून बघायचा, वही ठेवायची. त्या ऋतूतल्या, त्या वेळच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा 3 ने कमी दिसलं तर सावध व्हा. 5 ने कमी म्हणजे वादळ जवळ आहे, होडी काढूच नका. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, कमी दाब उजव्या हाताला, जरासा मागे असतो. तौक्तेसारखं वादळ पश्चिमेला समुद्रात असलं की वारा दक्षिण-आग्नेयेचा लागतो, तो याच हिशेबाने. आणि हवामान खात्याचा इशारा असेल तर काटा काहीही दाखवो, होडी बांधलेलीच बरी.

कोपरी_ताई: दादा, होकायंत्र मात्र नवंच घ्या, द्रव भरलेलं. आत बुडबुडा नको. दुकानात लोखंडी किल्ली जवळ नेऊन तबकडी हलवा, किल्ली काढल्यावर ती त्याच अंशावर थांबली पाहिजे. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, पण इंजिन, स्पीकर किंवा खिशातला मोबाइल तबकडी सहज फिरवतो. पक्कं बसवण्याआधी इंजिन चालू ठेवून एकदा बघाच.

दिवाळे_बंदर: आभार काका, ताई. वायुभारमापक होडीत लावू की घरात?

घोडबंदरचा_खलाशी: घरात. खारं पाणी आणि हादरे त्याला मारतात, आणि निर्णय तर निघण्याआधीच घ्यायचा असतो. ऊन लागणार नाही अशा भिंतीवर टांगा. मागच्या स्क्रूने हवामान खात्याच्या कुलाबा केंद्राच्या त्याच वेळच्या समुद्रसपाटीच्या आकड्याला लावून घ्या.