बंद खोलीत नॉइज सोर्स लागतोच
'मायक्रोवेव्हने वस्तूंचं चित्र काढायचं तर वस्तू स्वतःच मायक्रोवेव्ह सोडतात, मग वेगळा नॉइज सोर्स (अनेक फ्रिक्वेन्सींचा मिसळलेला मायक्रोवेव्ह 'गोंगाट' सोडणारं साधन) कशाला?' असा प्रश्न कुणी विचारला. उघड्यावर ते पटतं. पत्र्यात थंड आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि पत्रा उठून दिसतो. पण बंद खोलीत भिंती, माणूस, पत्रा सगळंच ३०० केल्विनच्या (सुमारे २७ अंश सेल्सिअस) आसपास. फरक फारसा उरत नाही. तिथे नॉइजचा झोत टाकावाच लागतो. शिवाय एकाच फ्रिक्वेन्सीच्या सोर्समुळे चित्रात उमटणारे ठिपके रुंद पट्ट्याच्या नॉइजने बरेच कमी होतात.

घरी करून बघाच, फार सुंदर प्रयोग आहे. डिशचा एलएनबी (डिशसमोर बसवलेला, मायक्रोवेव्ह पकडणारा भाग) सॅटफाइंडरला (सिग्नलचा जोर काट्याने दाखवणाऱ्या मीटरला) जोडून पेटलेल्या जुन्या ट्यूबलाइटजवळ धरा (एलईडीची नळी नको). काटा चढतो, कारण नळीतल्या वायूतले इलेक्ट्रॉन हजारो केल्विनचे असतात, म्हणजे ट्यूबच इथे नॉइज सोर्स. मध्ये स्टीलचं ताट धरलं की काटा उतरतो.