विषय: बाबांच्या फोनवर एआय ॲपचं जुनंच रूप, रविवारच्या आधी उपाय हवा

प्रेषक: विश्रामबाग (सांगली)
बुधवार, रात्री

मंडळी,

गावाकडच्या आईबाबांना विचारलेल्याला उत्तर देणारं एआय ॲप शिकवायला आपलं मंडळ इकडून परदेशातून रविवारी वर्ग घेतंय, त्याचं पत्रक बाबांना फोनवर वाचून दाखवलं आणि पहिल्याच पायरीला गाडी अडली. पत्रकात लिहिलंय, "खालच्या पट्टीतलं अधिकचं चिन्ह दाबा, मग कॅमेरा निवडा." बाबांच्या स्क्रीनवर ते चिन्हच नाही. खाली नुसती लिहायची जागा आणि शेजारी बाण. माइक नाही, कॅमेरा नाही, वरती गेल्या वर्षीसारखी इंग्रजी पाटी. "माझ्यात तसलं काय नाही बघ," एवढंच ते म्हणत राहिले. मग आईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून मी स्वतः बघितलं, ते खरंच आहे.

प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपसमोर "अपडेट करा" येत नाही, नुसतं "उघडा" येतं. फोन बंद करून चालू केला. फोन जुना असेल असं कृपया कुणी म्हणू नका, दिवाळीतच घेतलाय.

घाई एवढ्यासाठी की बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि बारीक अक्षर अजून लागत नाही. कोयनेतून पाणी सोडायला लागलेत. पेपरातली विसर्गाची बातमी कॅमेऱ्यासमोर धरून ती मोठ्याने वाचून घ्यायची, एवढंच त्यांना शिकायचंय. आत्या नदीकाठच्या गावभागात राहते. २०१९ च्या महापुरापासून या दिवसांत आमच्याकडे कुणाला झोप नसते, ते या लिस्टवर वेगळं सांगायला नको.

---

प्रेषक: तासगाव

ॲप काढून टाका आणि परत घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या वडिलांचं असंच केलं होतं.

---

प्रेषक: वाई

थांबा, थांबा. काढायच्या आधी लॉगिन कुठलं आहे ते बघून घ्या. आपली बहुतेक आईबाबा मंडळी एकदा मोबाइल नंबरने आत जातात, एकदा जीमेलने, आणि ही दोन वेगळी खाती होतात. माझ्या सासूबाईंच्या मसाल्यांच्या सगळ्या कृती त्यात लिहिलेल्या होत्या. ॲप परत घेतल्यावर नंबरने आत गेल्या आणि समोर कोरी पाटी. सगळं गेलं म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत. गेलं काहीच नव्हतं, जीमेलच्या खात्यात तसंच होतं. पण लॉगिन न करताच वापरत असाल तर मात्र जुनं संभाषण परत मिळेल याचा भरवसा नाही.

आणि "कॅशे साफ करा" आणि "स्टोरेज साफ करा" ही दोन बटणं शेजारीशेजारी असतात. पहिल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्याने लॉगिन जातं. फोनवरून सांगताना हा फरक दोनदा सांगा.

---

प्रेषक: कराड (पत्रक समिती)

पत्रकाबद्दल शंका निघाली म्हणून लिहितो. समितीतल्या प्रत्येकाने आपापल्या घरच्या फोनवर पायऱ्या करून बघितल्या, मगच पत्रक पाठवलं. पत्रक बरोबर आहे.

अशा ॲपचं नवं रूप सगळ्यांना एका दिवशी मिळत नाही. ॲप तेच असतं, पण कंपनी आपल्या सर्व्हरवरून खात्याखात्याला नवी मांडणी चालू करत जाते. त्यामुळे एकाच घरात, एकाच कंपनीच्या दोन फोनवर दोन रूपं दिसू शकतात. ओळखायची खूण सोपी: बाबांचं खातं आईच्या फोनवर उघडून बघा. तिथेही जुनंच दिसलं तर खात्याला नवं रूप अजून आलेलं नाही, मग वाट बघणं एवढंच हातात. तिथे नवं दिसलं तर दोष बाबांच्या फोनमधल्या कशाचा तरी आहे.

दुसरं, ज्यांच्या घरी वायफाय नाही त्यांनी लक्षात घ्या: प्ले स्टोअर सहसा वायफाय असेल तेव्हाच आपोआप अपडेट करतं. मोबाइल डेटावर चालणाऱ्या फोनमधली ॲप महिनोन्महिने तशीच पडून असतात. विश्रामबागच्या बाबतीत "उघडा" येतंय म्हणजे हे कारण नाही, पण बाकीच्यांनी रविवारच्या आधी बघून ठेवा.

---

प्रेषक: तासगाव

एवढं सगळं करण्यापेक्षा मी नव्या आवृत्तीची एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय ॲप थेट फोनमध्ये टाकायची फाइल) काढून बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. दाबली की झालं.

---

प्रेषक: मिरज

नको. हात जोडून सांगतो, हे करू नका.

तुमचा हेतू चांगला आहे, तुमच्या फाइलमध्ये काही वाईट नसेल हेही मान्य. पण व्हॉट्सॲपवर आलेली फाइल दाबायची असते, हे एकदा त्या माणसाच्या मनात बसलं की पुढची फाइल तो कुणाचीही दाबेल. गाडीच्या चलनाच्या नावाने, बँकेच्या केवायसीच्या नावाने, लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने अशाच एपीके येतात आणि त्या फोनमधले ओटीपीचे मेसेज वाचतात. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांची पेन्शन अशी गेली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन केला म्हणून थोडी रक्कम अडवता आली, सगळी नाही. आपण सातासमुद्रापलीकडे बसून त्यांना एवढी एकच सवय लावू शकतो की ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्यायचं. ती सवय आपणच मोडायची नाही.

शिवाय घेतलेलं ॲप खरं आहे ना, तेही बघा. तसलंच चिन्ह आणि मिळतंजुळतं नाव असलेली ॲप प्ले स्टोअरवरही निघतात. नावाखाली बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, ते वाचा.

मी सध्या घरी आलोय, मिरजेत. शनिवारपर्यंत सुटलं नाही तर विश्रामबागेत जाऊन बघतो. पत्ता व्यक्तिगत पाठवा.

---

प्रेषक: सचिव

मिरजकर काकांशी सहमत. मंडळाच्या लिस्टवर किंवा मंडळाच्या नावाने कुणीही एपीके पाठवणार नाही, हे पक्कं. वर्गाची वेळ परत सांगतो: इकडे शनिवारी रात्री नऊ, तिकडे रविवारी सकाळी साडेनऊ. पत्ते आणि फोन नंबर लिस्टवर टाकू नका.

---

प्रेषक: कोरेगाव

मला वेगळंच विचारायचंय. जुन्या रूपात बाबांचं बरं चाललं असेल तर बदलायचंच कशाला? आईला मी एकदा बटणाची जागा शिकवली की ती कायमची शिकते. पण तिला चिन्ह लक्षात राहत नाही, जागा लक्षात राहते. स्वयंपाकघरात हळदीचा डबा कुणी हलवला तर अंधारात हात रिकामा फिरतो, तसं तिचं बोट रिकामं फिरतं. दर वेळी नवं रूप आलं की ती आठवडाभर फोनला हातच लावत नाही आणि मग "मला नाही जमत" म्हणते. तिला जमत होतं हो! कराडकर, पुढच्या पत्रकात चित्रांचा भरणा कमी करा. चित्र सहा महिन्यांत जुनं होतं. काय करायचंय ते शब्दांत लिहा.

---

प्रेषक: कराड (पत्रक समिती)

चित्रं काढली तर ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी काय करायचं? चित्रं राहतील. शब्द वाढवू.

---

प्रेषक: विश्रामबाग

कोरेगावच्या वहिनी, तुमचं म्हणणं पटतं, पण बाबांना कॅमेरा हवाच आहे आणि तो जुन्यात नाही. टाइप करून विचारायचं तर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारतात, आणि उत्तर काहीतरी गुळगुळीत येतं.

---

प्रेषक: वाई

ते टाइप करून विचारणं आजच्या आज बंद करायला सांगा. हे माझं कळकळीचं सांगणं आहे. हे ॲप कधी आजचं शोधून सांगतं, कधी जुन्या माहितीवरून सांगतं, आणि दोन्ही वेळा आवाज तितक्याच खात्रीचा असतो. आयर्विनला ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. अशा ठिकाणी कालचा आकडा आज कानावर पडला तर माणूस माळ्यावर सामान चढवायचं तेव्हा स्वस्थ बसून राहील.

पेपरातली बातमी किंवा जलसंपदाचं पत्रक कॅमेऱ्यासमोर धरून वाचून घेणं ही वेगळी गोष्ट आहे. आकडा कागदावर आहे, ॲपने फक्त वाचायचं. तरीसुद्धा वाचून झाल्यावर पातळीचा आणि क्युसेकचा आकडा आईने एकदा डोळ्यांनी बघावा. शून्य इकडेतिकडे झालं तरी कळत नाही.

---

प्रेषक: मिरज
शनिवार, तिकडची दुपार

विश्रामबागेत जाऊन आलो. सुटलं. सविस्तर लिहितो, बाकीच्यांच्या कामी येईल.

बाबा ज्या चिन्हावर बोट ठेवत होते ते ॲप नव्हतंच. ब्राउझरमधून कुणीतरी त्या ॲपच्या सायटीची वाट (शॉर्टकट) होम स्क्रीनवर ठेवलेली होती. चिन्ह हुबेहूब तेच, पण उजव्या खालच्या कोपऱ्यात क्रोमचं नखाएवढं गोल चिन्ह चिकटलेलं. चष्मा वर करून फोन डोळ्यांशी धरला तेव्हा दिसलं. व्हिडिओ कॉलवर हे दिसणं शक्य नाही. खरं ॲप फोनमध्ये होतं, अगदी अपडेट होऊन, पण आतल्या यादीत. ते कधी उघडलंच नव्हतं. म्हणून प्ले स्टोअर "उघडा" म्हणत होतं, आणि ते खरंच सांगत होतं.

सायटीचं जुनं रूप का राहिलं, तर ब्राउझर अशा सायटीची प्रत फोनवर साठवून ठेवतो आणि कधीकधी तीच दाखवत राहतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्या एका सायटीचा डेटा पुसल्यावर तिथेही नवं रूप आलं. पण त्याआधी खातं कुठलं ते बघून घेतलं, वाईकर म्हणाल्या तसं. जीमेलचं होतं. मग खऱ्या ॲपमध्ये त्याच जीमेलने आत गेलो, जुनं सगळं संभाषण जागेवर.

होम स्क्रीनवरची ती वाट काढली आणि खऱ्या ॲपचं चिन्ह बरोबर त्याच जागी आणून ठेवलं, कोरेगावच्या वहिनींचं ऐकून. बाबांचं बोट सवयीने तिथेच गेलं. माइक दाबून मराठीत बोलले, पेपर धरला, बातमी वाचून झाली. मग त्यांनी स्वतः पेपर काकूंकडे दिला आणि आकडा मोठ्याने वाचायला लावला.

---

प्रेषक: विश्रामबाग

काका, आत्ताच बाबांशी बोलले. मला पेपरातली अर्धी बातमी त्या ॲपच्या आवाजात ऐकवली. तुमचे उपकार कसे फेडू?

---

प्रेषक: तासगाव

मिरजकर काका, परत येताना भडंग आणा, सगळ्यांच्या वतीने.

---

प्रेषक: कराड (पत्रक समिती)

पत्रकात पहिली पायरी बदलली: "चिन्हाच्या कोपऱ्यात ब्राउझरचं छोटं चिन्ह आहे का ते बघा. असेल तर खरं ॲप आतल्या यादीतून उघडा." दुसरी पायरी लॉगिनची. सुधारलेलं पत्रक जोडलंय.

---

प्रेषक: कोरेगाव

आईच्या चिन्हाच्या कोपऱ्यात काही नाही, तरी रूप जुनंच. तिचं खातं भावाच्या फोनवर उघडून बघितलं, तिथेही जुनंच.

---

प्रेषक: कराड (पत्रक समिती)

मग ते खात्याचं आहे वहिनी. काही काढू नका, काही पुसू नका. रविवारी आईंना जुन्या रूपावर जे आहे तेच शिकवू. मी त्यांच्यासाठी वेगळी खोली उघडतो आणि स्वतः बसतो.