आयटी कंपनीतला पहिला इंटरव्ह्यू : तुमचे अनुभव सांगा

सोनचाफा
काल माळ्यावर भाच्यासाठी रिकामी फाइल शोधताना माझीच जुनी निळी फाइल हाती लागली. मार्कशीटच्या झेरॉक्स, त्यावर अटेस्टेडचे गोल शिक्के, आणि 2005 चं इंटरव्ह्यूचं बोलावणं. भाचा उद्या हिंजवडीला जातोय.

मी कऱ्हाडहून रात्रीच्या एसटीने पहाटे स्वारगेटला उतरले होते. स्टँडवरच तोंड धुतलं, केस विंचरले, मनपाहून बस पकडली. नऊची वेळ दिलेली, नंबर लागला साडेचारला. अ‍ॅप्टिट्यूडची यादी लागली तेव्हाच अर्धीअधिक मुलं परत गेली. टेक्निकलला सरांनी कोरा कागद पुढे केला. तिसरं व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची तिसरी जागा न घेता दोन आकड्यांची अदलाबदल करा. बेरीज-वजाबाकीने केली. "आकडे खूप मोठे असले तर?" माझं पेन थांबलं. सर काहीच बोलले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने मीच म्हटलं, बेरीज इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठी ठेवलेल्या जागेत मावणार नाही. त्यांनी मान डोलावली.

आता मी पॅनलवर बसते. समोरचं पोर अडकलं की मीही गप्प राहते, त्याला वेळ देते.

लिहा सगळे, भाच्याला वाचायला देणार आहे.

वाकडकर
60 टक्के थ्रूआउट!! म्हणजे दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, सगळीकडे 60 हवेत. बारावीच्या परीक्षेत कांजिण्या, 600 पैकी 353, म्हणजे 58.83. इंजिनिअरिंगला डिस्टिंक्शन असून टेबलावरूनच परत पाठवलं. ताप अंगात असताना पेपर दिलेत हो, एवढं तरी ऐकून घ्यायचं. पुढे एका छोट्या कंपनीत टेस्टिंग केलं आणि तीन वर्षांनी ज्यांनी परत पाठवलं त्यांच्याकडेच लॅटरल, म्हणजे अनुभवी म्हणून लागलो. तेव्हा बारावीचं कोणी विचारलं पण नाही.

मीरा७
कुकर लावलाय, पटकन लिहिते. 2008, कॅम्पसमधून ऑफर लेटर, गल्लीभर पेढे वाटले. मग मंदी आली. जॉइनिंगची तारीख पुढे, अजून पुढे, अकरा महिने. बाबा रोज विचारायचे, कुरिअर आलं का. एके दिवशी विचारायचेच बंद झाले. ते जास्त लागलं मला.

सोनचाफा
मीरा, गलबलून आलं गं. बाबा बरे आहेत ना आता?

मीरा७
हो गं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय परवा, ड्रॉप घालायला उठतेच आहे.

कोथरूडची_आजी
मीरा, ड्रॉप घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडू द्या त्यांना. आणि दुसरा ड्रॉप लगेच घालू नका.

नवा_जॉइनी
माझा 2020 चा, लॉकडाऊनमध्ये, लॅपटॉपवर. वर शर्ट, खाली घरची पँट. ऐन एचआर राउंडला लाइट गेली. फोनचा हॉटस्पॉट लावून परत जॉइन झालो तर मॅडम थांबलेल्या. म्हणाल्या, पाणी पिऊन घे आधी. सिलेक्शनपेक्षा तेच आधी सांगितलं होतं आईला.

ताई, भाच्याला ओरिजिनल मार्कशीट न्यायला सांगा, नुसत्या झेरॉक्सवर राहू नका.

वाकडकर
आणि वाकडचा पूल आठच्या आत ओलांडायचा म्हणावं. नंतर भूमकर चौकातच अर्धा तास जातो.

सोनचाफा
निघाला आत्ता, सव्वासातला. निळी फाइलच घेऊन गेलाय, माझे कागद काढून दिले.