दुसऱ्या एम.ए.ला वसतिगृहात खोली द्यायची का?

माजी रेक्टर (धागाकर्ता):

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात चार वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. या जूनमध्ये सुटलो. विद्यापीठाचं नाव घेत नाही. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांना ते आपलंच वाटेल.

एकच खोली सांगतो, क्रमांक ४१. कागदावर दोघं. जानेवारीत रात्री साडेअकराला फेरीवर गेलो तर आत पाच जण. दोघं कॉटवर, दोघं दोन कॉटच्या मधल्या फटीत, पाचवा दाराला पाय लावून झोपलेला, म्हणून दारच उघडेना. खोली ज्याच्या नावावर, तो इतिहासात एम.ए. झालेला आणि आता लोकप्रशासनात पुन्हा एम.ए. प्रथम वर्ष. विभागात विचारलं तर त्याचा चेहरा कुणाला आठवेना. खोलीत मात्र भिंतभर नकाशे, राज्यघटनेची कलमं आणि एक ओळ, 'यंदा शेवटचं'. त्या ओळीखाली तीन वर्षांचे आकडे खोडलेले होते.

त्याच शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला, जुलैत, सेनगावकडचा एक पोरगा, पहिल्यांदाच एम.एस्सी.ला आलेला, वडिलांना घेऊन माझ्या टेबलासमोर उभा होता. मी त्याला 'जागा संपली' असं सांगून परत पाठवलं. जागा संपलीच होती, खोटं बोललो नाही. पण ती कशी संपली ते जानेवारीत दिसलं.

माझं म्हणणं सरळ आहे. पदव्युत्तर पातळीवर एका विद्यार्थ्याला एकदाच खोली. दुसरं, तिसरं एम.ए. करा, खुशाल शिका, पण खोली नाही. आणि खोलीत पॅरासाइट सापडला (बाहेरच्यांसाठी सांगतो, नोंद न करता मित्राच्या खोलीत राहणाऱ्याला आमच्याकडे हाच शब्द आहे) तर खोली ज्याच्या नावावर त्याची अनामत जप्त. यात कुणाला अन्याय दिसत असेल तर मांडा.

बालाघाट:

सर, मीच तो समजा. तुमच्या ४१ मधला नसेन, पण ३९ किंवा ४३ मधला असेन.

बीड जिल्ह्यात गाव. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर जातेत ते उन्हाळ्यातच येतेत. घराला कुलूप. खोली नाही म्हणजे 'घरी जाऊन अभ्यास करा' असंच की, पण कोणत्या घरी? आजीजवळ एक खोली, तिच्यात सोयाबीनची पोती. लाईट जाते ती सकाळीच येते.

तुम्ही म्हणायलेत पोरं दुसरं एम.ए. कशापायी करायलेत. खोलीपायीच करायलेत, लपवायचं काय त्यात? फी भरून, परीक्षा देऊन खोली घेतलीय, फुकट नाही. आणि 'यंदा शेवटचं' ही ओळ तुम्ही हसून सांगितली, ती कुणामुळं खोडावी लागली तेही सांगा की. मार्च २०२१ ला एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली अन् पुढं ढकलली. मग राज्यसेवा वर्णनात्मक होणार म्हणाले, तेही आधी २०२३ पासून, मग आंदोलन झालं तवा २०२५ पासून. दर टायमाला आमचं एक वर्ष गेलं. सरकारनं वर्षं खाल्ली, अन् हिशोब मागायला तुम्ही आमच्या कॉटपाशी आलात.

रोखठोक:

बालाघाट भाऊ, सहानुभूती आहे, पण हिशोब पुरा करा. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. बाविसाव्या वर्षी एम.ए.ला आलेला पोरगा ३८ पर्यंत प्रयत्न करणार असेल तर त्याच्या कॉटवर आठ जणांचं एम.एस्सी. होऊन गेलं असतं. त्या आठांतही कुणी ऊसतोड कामगाराचं लेकरू असेलच की. तुमचं दुःख खरं आणि त्यांचं खोटं, असं कुठाय?

खाडा लागला:

मी मेस सेक्रेटरी होतो, २०१६ साली. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या वसतिगृहात दिवसाला दहा हजार लिटरचा एक टँकर यायचा, रजिस्टरवरची १८० डोकी धरून मागवलेला. माणशी पंचावन्न लिटर. प्रत्यक्षात आम्ही २६० जण होतो, हे आम्हाला माहीत, चौकीदाराला माहीत, टँकरवाल्यालाही माहीत. म्हणजे माणशी अडतीस. सकाळी सातला टाकी ठणठणीत. सातनंतर उठणारा कोण? रात्रभर अभ्यास करणारा. म्हणजे पॅरासाइटनेच पॅरासाइटची आंघोळ बुडवली.

ताटं धुवायला पाणी नाही म्हणून आम्ही पत्रावळ्या आणल्या. आणि जेवणाचं तर विचारूच नका. एका डब्यात तिघं जेवायचे, महिनाअखेरीला तिघांतला एक गावाला गेल्याचं सांगून खाडे (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा) लावायला यायचा. ठेकेदाराने एके दिवशी वरणात डाव फिरवून दाखवला मला. म्हणाला, 'साहेब, डाळ पैशांइतकी, पाणी माणसांइतकं.'

तरी मी रेक्टरसाहेबांच्या बाजूने नाही. रजिस्टरवर २६० लिहिले असते तर टँकर दोन आले असते. चोरून राहणाऱ्याला चोर ठरवल्यामुळेच आकडा खोटा राहतो. नाव लिहून घ्या, पैसे घ्या, गादी जमिनीवर टाकू द्या.

माजी रेक्टर:

नाव लिहून घ्या म्हणणं सोपं. रात्री आग लागली, कुणी जिन्यावरून पडलं, तर दोघांच्या खोलीत पाच जणांना अधिकृत परवानगी दिल्याच्या कागदावर सही कुणाची? माझी. एका पोराला फिट आली होती. दवाखान्यात नेलं तर नातेवाइकांचा नंबर कुणालाच ठाऊक नाही, कारण तो पोरगा आमच्या रजिस्टरमध्ये नव्हताच. त्या रात्री मी त्याच्या फोनचं लॉक उघडायला त्याचंच बोट वापरलं. 'आई' नावाचा नंबर बंद लागत होता. हे चार तास मी विसरलेलो नाही.

गच्चीवरची:

मुलांच्या वसतिगृहाची एवढी चर्चा वाचून मजा वाटली. मी संभाजीनगरात मुलींच्या वसतिगृहात पाच वर्षं काढली. आमच्याकडे पॅरासाइट नावाचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी कुलूप, रात्री हजेरी, खोलीत आई आली तरी तिचं आधार कार्ड. मैत्रिणीला एक रात्र ठेवून घ्यायला अर्ज लागायचा आणि अर्जावर वडिलांची सही. दिवाळीला खोली पूर्ण रिकामी करायची, ट्रंकसकट. म्हणजे नियम पाळून घेता येतात. फक्त ते मुलींकडून पाळून घेतले जातात.

आणि हे कायद्याला धरूनही नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या विनियमांत स्पष्ट लिहिलंय की सुरक्षिततेचं कारण सांगून वसतिगृहातल्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लादू नयेत. मी त्याची छापील प्रत घेऊन गेले होते. उत्तर मिळालं, 'बेटा, तुझ्या बाबांनाच विचार तुला किती वाजेपर्यंत बाहेर ठेवायचं.'

स्पर्धा परीक्षा आम्हीही दिल्या. पण 'यंदा शेवटचं' असं तीनदा लिहायची मुभा आमच्यातल्या फार थोड्यांना मिळाली. दुसऱ्या वर्षाला गावाकडून स्थळाचा फोन येतो. बालाघाट दादा, तुमच्या घराला कुलूप आहे हे वाईटच. आमच्या घरी मात्र कुलूप उघडून वाटच बघत असतात.

बालाघाट:

ताई, ह्याला माझ्यापाशी उत्तर नाही. खरं आहे.

नागसेनवन:

मी जुना माणूस. १९७२ च्या दुष्काळात मॅट्रिक झालो. घरचे सगळे खडी फोडायला, कामावर मिळालेली सुकडी फडक्यात बांधून आणायचे. पुढे शिकलो ते केवळ वसतिगृहामुळे. निजामाच्या राजवटीत या भागात विद्यापीठ नव्हतं, ज्याला झेपेल तो हैदराबादला जायचा. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, आणि त्याबरोबर वसतिगृहं उभी राहिली, कारण खेड्यातलं पोर नुसत्या वर्गावर शिकत नाही, त्याला रात्री पाठ टेकायला जागा लागते. विद्यापीठ १९५८ ला आलं.

म्हणून सांगतो, वसतिगृह हीच गरिबाची पहिली शिष्यवृत्ती. पण शिष्यवृत्तीला मुदत असते. आम्ही परीक्षेचा शेवटचा पेपर दिला की दुसऱ्या दिवशी वळकटी बांधायचो. मागचा दारात उभा असायचा, त्याचं तोंड दिसायचं. आता यादी ऑनलाइन लागते. मागच्याचं तोंड दिसत नाही.

रोखठोक:

नागसेनवन काकांना पूर्ण अनुमोदन.

साडेबाराचा चहा:

अनुमोदन देण्याआधी थोडं गणित. ज्यांना खोली मिळत नाही त्यांच्यासाठी सरकारी योजना आहेत ना, असं आता कुणीतरी म्हणेलच. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे. संभाजीनगरसारख्या शहरात वर्षाला ५१ हजार. त्यात राहण्यासाठी १५ हजार. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं धरा, महिन्याला दीड हजार. विद्यापीठाच्या आसपास कॉट बेसिसवर मी अडीच हजार देतो, आणि संडासाला खाली उतरावं लागतं. जेवणाचे २८ हजार धरले तर दिवसाला ९०-९५ रुपये, दोन वेळचे.

म्हणून पोरगं पॅरासाइट होतं. हौस म्हणून दोन कॉटच्या फटीत कुणी झोपत नाही.

आणि रेक्टरसाहेब, तुम्ही प्राध्यापक होतात, रेक्टरपद हा अतिरिक्त कार्यभार, बरोबर? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत प्रत्येक वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन हवा, तो कधीही उपलब्ध हवा, असं आहे. नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा असंही आहे. यातलं काय होतं तुमच्याकडे? तुम्ही जानेवारीत फेरी मारली म्हणता. ऑगस्टमध्ये का नाही मारली?

माजी रेक्टर:

लागलं. पण उत्तर देतो.

ऑगस्टमध्ये मारली नाही, कारण ऑगस्टमध्ये माझ्याकडे तीन पेपर शिकवायला, प्रवेश समिती आणि वर वसतिगृह. राहायला मी गावात, वसतिगृहापासून सहा किलोमीटर. कार्यभाराचा भत्ता मिळायचा तो पेट्रोलला पुरायचा. पूर्णवेळ माणूस द्या म्हणून मी दोनदा लेखी दिलं. वेगळा ब्लॉक होता, पण एक वर्षच. दुसऱ्या वर्षी त्याच्या छताची गळती निघाली आणि नवी पोरं जुन्यांत मिसळली. मग खोली कुणाला द्यायची हे मी ठरवत नव्हतो, त्या मजल्यावर सहा वर्षं राहिलेला एक जण ठरवत होता. पोरं त्याला 'मालक' म्हणायची. वाईट नव्हता तो, आजारी पोराला स्वतः दवाखान्यात न्यायचा. पण वसतिगृह चालवायचं कुणी, याचं उत्तर 'मालक' असेल तर रेक्टर कशाला हवा?

दुसऱ्या एम.ए.बद्दल माझं मत बदललेलं नाही. अनामत जप्त करण्याबद्दल मात्र बदलायला लागलंय. त्या १५ हजारांचं मला माहीत नव्हतं.

खाडा लागला:

वाचनालय रात्रभर उघडं ठेवा, बाहेरच्यांनाही नाममात्र फीत. निम्मी पोरं खोली धरतात ती अभ्यासाच्या टेबलासाठी. झोपायला कुठेही झोपतील.

गच्चीवरची:

रात्रभर उघडं ठेवणार असाल तर मुलींना तिथून परत येताना गेट उघडं मिळेल, हेही त्याच ठरावात लिहा. नाहीतर पुन्हा ते मुलांचंच वाचनालय.

मानवतचा चुलता:

नमस्कार. वाद चालू असताना मधीच बोलतो, माफ करा. आमच्या पुतण्याला यंदा तिकडं एम.एस्सी. रसायनला प्रवेश मिळालाय. वसतिगृहाच्या यादीत प्रतीक्षेत एकोणिसावा आहे. सोमवारपासून तास. भाऊ गेल्या वर्षी वारला, पोराच्या मागं मीच. यादी सरकेपर्यंत पोराला कुठं ठेवू, कुणी सांगंल का? डबा एसटीनं रोज पाठवू शकतो, सकाळच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे.

बालाघाट:

काका, पोराला सोमवारी सकाळी पाठवा, स्टँडवर मी येतो. माझ्या खोलीत तीन जण आहेत, चौथ्याला जागा करू. डबा पाठवताना दोन भाकरी जास्तीच्या टाका म्हणजे झालं.

माजी रेक्टर:

चुलते, पाठवा. बालाघाट, रजिस्टरमध्ये पाहुणा म्हणून नाव लिहून घे, घरच्यांच्या फोन नंबरासह. पाहुण्याला तीन दिवसांची मुभा आहे. चौथ्या दिवशी नवा रेक्टर विचारेल. तेव्हा मला फोन कर, मी बोलतो त्याच्याशी.

साडेबाराचा चहा:

काय बोलणार सर, अनामत जप्त कर म्हणून?

माजी रेक्टर:

एकोणिसावा आहे तो. मागच्या वर्षी यादी बाविसाव्यापर्यंत सरकली होती. तेवढंच बोलणार.