अनुभव धागा: मुंबईतून गावाला जाणारे पैसे

चाळकरी: लालबागला रद्दीच्या गठ्ठ्यात मनिऑर्डरचं जुनं कूपन दिसलं, म्हणून हा धागा. दर २० रुपयांमागे १ रुपया कमिशन, म्हणजे ५ टक्के. कूपनावर, म्हणजे निरोप लिहायच्या तुकड्यावर, दोन ओळींत घराचा अर्थसंकल्प: आधी वाणी, मग खत, उरलं तर कौलं. कोकणातली उधारी पोस्टमनच्या सायकलवर चालायची. १९८२चा गिरणी संप झाला परळात, थकबाकी चढली गावच्या वहीत. लिहा मंडळी.

तिरफळ: पैसा येतो हो, राहतो किती ते बघा. जांभ्याच्या घराला चिरा, म्हणजे कापलेला दगड, जवळच्या खाणीतला, गवंडी वाडीतला, म्हणजे पैसा तिथेच फिरतो. स्लॅब घातलात की सिमेंट-सळईचे पैसे आल्या पावली परत.

डबेवाटप: आता रिचार्जवाल्याकडे रोख देऊन पाठवतात. नोव्हेंबर २०२४ पासून नोंदणीला ओळखपत्र लागतं आणि दर व्यवहाराला पडताळणी, बहुधा ओटीपी. तेव्हा फोन चार्ज करून जा. आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, त्याचं पाचवं अक्षर शून्य असतं, ओ नाही. खाते क्रमांक चुकला तर नाव वेगळं असूनही पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतात. नवीन खात्यावर आधी १ रुपया टाका, गावाला फोन करून विचारा, मग बाकीचे.

सुगरण: कुकर लावलाय, पटकन लिहिते. गावचं जनधन खातं पूर्ण केवायसीशिवाय (ओळख-पत्त्याची पडताळणी) उघडलेलं असेल तर शिल्लक ५०,०००च्या वर चालत नाही, वर्षाला जमा १ लाख, महिन्याला काढता येतात १०,०००. घराच्या कामाला एकदम मोठी रक्कम पाठवली की अडकते आणि गवंडी दारात उभा. आधी केवायसी, मग पाया.

तिरफळ: कुकरात काय?

सुगरण: कुळीथ. कळण करायचंय. विषयावर या.

चाळकरी: 😄 आधारवर पैसे काढताना शेतात झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. हात धुऊन पुसा, दुसरं बोट लावा. आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात.

डबेवाटप: आयएमपीएसने (बँकेतून लगेच पैसे पाठवायची सोय) इकडून कापले आणि तिकडे जमा नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, पुन्हा पाठवायची घाई नको.

परळ_पूल: चिरा सध्या कसा चाललाय, कोणी सांगेल?

तिरफळ: नगावर असतो. गाडीभाडं धरून की सोडून, ते आधी विचारा. वाटेत फुटलेले कोणाच्या हिशेबात, तेही.