शब्दचर्चा : तापलेल्या पृष्ठभागावरील कणाचा ‘निवासकाल’ की ‘मुक्काम’?

रत्नागिरीहून : पदव्युत्तर वर्गासाठी मराठीत टिपण लिहिताना एका शब्दावर अडले आहे. तापलेल्या टंगस्टनच्या पट्टीवर सीझियमचा अणू अधिशोषित होतो, म्हणजे पृष्ठभागावर चिकटतो, काही काळ राहतो आणि आयन (विद्युतभारित अणू) होऊन निघून जातो. या मधल्या काळाला मी ‘निवासकाल’ म्हटले, तर टिपण तपासणाऱ्या सरांनी ते खोडून ‘धारणकाल’ केले. आपण काय लिहाल?

देवगडहून : धारण पृष्ठभाग करतो आणि निवास कण करतो, मोजायचा आहे तो कणाचा काळ, म्हणून ‘धारणकाल’ नको. मला मात्र ‘मुक्काम’च पटतो. वस्तीची एसटी गावात मुक्कामाला असते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

चिपळूणहून : वस्तीची गाडी पहाटे ठरल्या वेळी सुटते, अणूला मात्र वेळापत्रक नसते. तो आत्ता आलेला असो वा केव्हाचा बसलेला असो, पुढच्या क्षणी सुटण्याची त्याची शक्यता तेवढीच राहते. म्हणूनच अणूंचा झोत एकाएकी तोडला की आयनांचा प्रवाह घातांकी रीतीने, म्हणजे आधी झपाट्याने आणि मग मंदावत उतरतो, आणि तो मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर यायला जो वेळ लागतो तोच निवासकाल ठरतो. शब्द कोणताही घ्या, पण त्याआधी ‘सरासरी’ हवेच. भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेल यांच्या निवासकालाच्या १९२४ च्या सूत्रात बंधनऊर्जा (कण पृष्ठभागावरून सुटायला लागणारी ऊर्जा) २ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि अणूच्या एका कंपनाचा काळ सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग धरला, तर १००० केल्विनला हा काळ सुमारे एक मिलिसेकंद येतो आणि १२०० केल्विनला जेमतेम २५ मायक्रोसेकंद उरतो. तापमान न सांगता नुसता काळ लिहिण्याला काही अर्थ नाही.

वेंगुर्ल्याहून : ‘मुक्काम’ अरबी ‘मकाम’वरून आला आहे. परिभाषा संस्कृत धातूंवर उभी असली की ‘निवासकालमापन’ असे पुढचे शब्द सहज घडतात.

देवगडहून : अरबी असेल, पण पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहिताना तो आपल्यापैकी कोणालाच परका वाटत नाही. संस्कृतचाच आग्रह असेल तर आधी ‘अधिशोषण’ तपासा, कारण इथे पृष्ठभागाच्या आत काहीच शोषले जात नाही. ‘पृष्ठशोषण’ निदान जागा तरी सांगते.

वेंगुर्ल्याहून : ‘अधि’ म्हणजेच वर, पृष्ठभाग त्या उपसर्गातच आला आहे.

रत्नागिरीहून : ‘अधिकार’ आणि ‘अधिवेशन’ वाचत आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना त्या उपसर्गातला ‘वर’ दिसत नाही, आणि ‘शोषण’ म्हटले की त्यांना सावकार आठवतो.